सुगंधी मेणबत्तीमागचा विदर्भ

दिवाळी आटोपली की नाताळापर्यंतच्या थंडीच्या दिवसांत अमरावती, वर्धा, यवतमाळ या जिल्ह्यांतील गावांत आता घरच्या घरी सुगंधी मेणबत्त्या ओतल्या जातात. बचत गटातील बाया आणि सुट्टीत गावी आलेल्या मुली हे काम करतात. मेण, वात आणि सुवास यांचा माल मात्र बहुधा शहरातून मागवलेला असतो. ज्या दोन गोष्टींवर हा उद्योग उभा आहे, ती जळणारी चरबी आणि तो सुगंध, दोन्ही या मातीत फार पूर्वीपासून निघत आल्या आहेत आणि दोन्ही कच्च्या मालाच्या रूपातच गावाबाहेर गेल्या आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय या मेणबत्तीची पार्श्वभूमी कळत नाही.

जुन्या काळी खेड्यातला उजेड तेलाचा होता. जवस, करंज आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल पणतीत जळे. मोहाचे तेल थंडीत आपोआप थिजते, पण ते इतके मऊ राहते की त्याची उभी मेणबत्ती टिकत नाही. मेळघाटात आग्या मोहोळाचे मेण मिळे. ते साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि मेणबत्तीला उत्तम असते, पण ते व्यापाऱ्याकडे जाई. पुढे रॉकेलची चिमणी आणि कंदील आला.

आजची मेणबत्ती घडली ती युरोपात. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये चरबीच्या घटकांवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले व त्यातून स्टिअरिनच्या, म्हणजे चरबीतून वेगळ्या काढलेल्या कठीण भागाच्या, कमी धुराच्या मेणबत्त्या निघाल्या. विणलेली वात त्याच सुमारास आली आणि जेम्स यंग या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये पॅराफिनच्या, म्हणजे खनिज मेणाच्या, प्रक्रियेचे पेटंट घेतले. आसामातील दिग्बोईचा शुद्धीकरण कारखाना १९०१ मध्ये सुरू झाल्यानंतर खनिज मेण भारतातही होऊ लागले. विदर्भात मेणबत्ती आधी दिसली ती नागपूरजवळच्या कामठीच्या लष्करी छावणीत आणि स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आल्यानंतर वाढलेल्या ख्रिस्ती वस्तीत. खेड्यापाड्यांत ती घरोघर रुजली ती १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, असे मला वाटते. बुद्धवंदनेत आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर ती आजही लागते. डिसेंबरातल्या मेणबत्तीचा विचार करताना नाताळाइतकाच हा दिवस महत्त्वाचा आहे. भारनियमनाच्या वर्षांत तर ती प्रत्येक किराणा दुकानात असे.

उजेडाचा पैसा गावातच राहावा, हा विचार वर्ध्यात पूर्वीच मांडला गेला होता. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत पाहत. रॉकेलऐवजी गावच्या घाण्यावरचे तेल जाळणारा ‘मगन दीप’ हा कंदील तिथेच तयार झाला, आणि मधमाशापालन हाही संघाच्या कामाचा भाग होता.

आज पॅराफिनला पर्याय म्हणून ज्या सोया मेणाची मागणी आहे, ते १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पुढे आले. वनस्पती तूप ज्या प्रक्रियेने थिजवतात, तीच हायड्रोजन देण्याची प्रक्रिया सोयाबीनच्या तेलावर केली की हे मेण होते. विदर्भाच्या शिवारात १९८० च्या दशकानंतर सोयाबीन पसरले. दाणे मात्र पोत्यांतून कारखान्यांकडे जातात, आणि ही प्रक्रिया घरी होण्यासारखी नाही.

सुगंधाचे तसे नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे रोशा गवत, ज्याला तिखाडीही म्हणतात, ही विदर्भाची खरी सुगंधी दौलत आहे. पावसाळा सरताना ते फुलोऱ्यावर आले की नाल्याकाठी भट्टी लागे. देगीत गवत दाबून भरून, झाकण लिंपून, बांबूच्या नळीने वाफ वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवली जाई आणि पाण्यावर तरंगलेले तेल काढून घेतले जाई. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, आणि निमाड, बैतूल, खानदेश या पट्ट्यातले हे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे तांबड्या समुद्राच्या बंदरांना व पुढे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. गुलाबाशी त्याचा वास जुळतो तो जिरॅनिऑल या घटकामुळे. चांगल्या रोशाच्या तेलात त्याचेच प्रमाण सर्वाधिक असते. मेळघाटातल्या गवताचा सुवास गुलाबाच्या नावाने विकला गेला आणि मूळ मुलुखाचे नाव मागे पडले, ही मला या इतिहासातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

संत्र्याचा काळ अलीकडचा. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुलणारी संत्री, ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडणीला येतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सालीतले तेल मुख्यतः लिमोनिन या घटकाचे असून ते लवकर उडते, त्यामुळे फार तापलेल्या मेणात घातल्यास वास टिकत नाही. जिरॅनिऑलचा उत्कलनबिंदू सुमारे २३० अंश, लिमोनिनचा १७६ अंश. म्हणून मेण गार होत आल्यावर, ओतण्याच्या जरा आधी, दोन्ही तेले एकत्र घातली, तर संत्र्याचा वास आधी आणि रोशाचा मागाहून, बराच वेळ, दरवळतो. रोशाची भट्टी आणि आंबियाची तोडणी यांचे हंगाम जवळजवळ लागून येतात, आणि अचलपूरहून मोर्शी फार दूर नाही.