१८६९ की १८७४? अमेरिकन फुटबॉलचा ‘पहिला’ सामना नेमका कोणता

अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना कधी झाला, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ६ नोव्हेंबर १८६९, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, दोन्ही अमेरिकन कॉलेजं. कॉलेज फुटबॉलचं वय याच तारखेपासून मोजतात. पण मे १८७४ मध्ये हार्वर्ड आणि कॅनडातलं मॅगिल यांच्यात जे सामने झाले, त्यांनाही ‘पहिले’ म्हटलं जातं. दोन्ही दाव्यांत तथ्य आहे, कारण ते दोन निराळ्या गोष्टींबद्दल आहेत. त्यांची सरमिसळ झाली, की १८६९ च्या मैदानावर आपल्या डोळ्यांसमोर लंबगोल चेंडू छातीशी धरून पळणारे खेळाडू येतात. तसं तिथे काहीही नव्हतं.

आधी रटगर्सचा तो हंगाम बघू. अख्खा हंगाम दोन सामन्यांचा. पहिला न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकला, रटगर्सच्या मैदानावर. एकेका बाजूला २५ खेळाडू, चेंडू गोल. चेंडू हातात घेऊन पळायला किंवा फेकायला बंदी. पायाने मारा, डोक्याने मारा, हाताने टोलवा, एवढीच मुभा. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम थोडे बदलून घेतले होते. गणवेश कुणाकडे नव्हता. खेळाडूंनी टोप्या, कोट, जाकिटं काढून ठेवली, आणि ओळख पटावी म्हणून रटगर्सच्या काही पोरांनी लाल फडकी मुंडाशासारखी डोक्याला गुंडाळली. प्रेक्षक शंभरेक. त्यातले बरेच लाकडी कुंपणावर बसलेले. चेंडूमागे धावणारे दोन आडदांड गडी त्या कुंपणावर असे आदळले, की कुंपणासकट वरची मंडळी खाली आली.

प्रिन्स्टनची पोरं उंच होती, चेंडू वर उडाला की तो त्यांचाच. गोल ४–४ झाले, तेव्हा रटगर्सचा कप्तान विल्यम लेगेट याने चेंडू जमिनीलगत ठेवायला सांगितलं. ती युक्ती लागू पडली आणि रटगर्सने ६–४ ने सामना मारला. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण इथे खेळाचं मर्म सगळं पायांत आहे. कोल्हापुरात पेठांच्या तालमींच्या फुटबॉल लढती बघत वाढलेल्या माणसाला त्या कुंपणावर बसवलं असतं, तर त्याने लगेच ओळखलं असतं: हा आपला फुटबॉल, जरा रांगडा.

आठवड्याने, १३ नोव्हेंबरला, परतीचा सामना प्रिन्स्टनला झाला. ज्याचं अंगण त्याचे नियम, तसं तिथे प्रिन्स्टनचे नियम चालले. हवेतला चेंडू झेलला की अडथळ्याविना किक मारायला मिळायची. उंच पोरांना आणखी काय हवं? प्रिन्स्टन ८–०. ठरलेला तिसरा सामना झालाच नाही.

आता हार्वर्ड. तिथे ‘बॉस्टन गेम’ नावाचा स्वतःचा प्रकार चालायचा. चेंडू त्यातही गोलच, पण तो उचलून पळता यायचं. अट एवढीच, की मागे कुणीतरी लागलेलं हवं. ऑक्टोबर १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन आणि रटगर्स एकसारखे नियम ठरवायला न्यूयॉर्कला जमले, तेव्हा हार्वर्डने यायला नकार दिला. पायाच्या खेळासाठी त्यांना हातातला चेंडू सोडायचा नव्हता. पण मग खेळायचं कुणाशी? म्हणून माँट्रियलचं मॅगिल.

इथेही यजमान-पाहुण्यांचे नियम आलटून पालटून. १४ मे १८७४ ला हार्वर्डच्या गावात, अमेरिकेतल्या केंब्रिजला, जार्व्हिस फील्डवर हार्वर्डच्या नियमांनी हार्वर्ड ३–० ने जिंकलं. दुसऱ्या दिवशी मॅगिलचं रग्बी, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, निकाल ०–०. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोठा सामना हाच बरोबरीचा. हार्वर्डच्या पोरांना रग्बी इतकं भावलं, की त्यांनी आपला खेळ सोडून तेच धरलं. पुढच्या वर्षी त्यांनी येलला त्यात ओढलं. नोव्हेंबर १८७६ मध्ये स्प्रिंगफिल्डला हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया यांनी रग्बीवर बेतलेले नियम स्वीकारले. त्या बैठकीत रटगर्स नव्हतं.

‘टचडाउन’ हा शब्द याच वाटेने आला: रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. नंतर येलच्या वॉल्टर कँप याच्या आग्रहाने १८८० मध्ये एका बाजूला ११ खेळाडू आणि चेंडूच्या दोन्ही बाजूंना संघांनी समोरासमोर उभं राहायची रांग आली. १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू द्या, हा नियम. तेव्हा कुठे हा खेळ रग्बीपासूनही वेगळा झाला.

म्हणजे कॉलेजा-कॉलेजांतली चुरस १८६९ पासून मोजावी आणि आज टीव्हीवर दिसणाऱ्या खेळाची वंशावळ १८७४ पासून. रटगर्सला प्रिन्स्टनवर दुसरा विजय मिळायला १९३८ साल उजाडलं, २०–१८ असा. पहिल्या विजयात चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला अडवलं असतं. या दुसऱ्यात तेच करून गुण मिळत होते.