चर्चच्या शाळेतलं व्हायोलिन आणि पणजीतली आजची पोरं

गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन नावाची एक संस्था आहे, २००९ पासून चालते. पणजीत सांत इनेजच्या हमारा स्कूलसारख्या ठिकाणी, जिथे घरून म्युझिक क्लासची फी येणं शक्यच नाही अशा पोरांना व्हायोलिन, चेलो (व्हायोलिनचाच मोठा भाऊ), रेकॉर्डर (एक प्रकारची बासरी), कॉयर म्हणजे समूहगान असं शिकवतात, वाद्य पण संस्थाच देते. मी हे कुणाला सांगितलं की हमखास एकच प्रश्न येतो, अहो पण व्हायोलिनच कशाला, तबला-पेटी चालत नाही का? आणि पाठोपाठ दुसरा, गरिबाच्या पोराला आधी पोटाचं बघा की. दुसऱ्यावर वाद घालता येईल, पण पहिला प्रश्न गोव्याचा इतिहास माहीत नसल्यामुळे येतो असं माझं मत आहे, म्हणून हे लांबण.

सोळाव्या शतकात, १५४५ च्या सुमारास, पोर्तुगीजांनी गोव्यात चर्चला जोडून शाळा काढायला सुरुवात केली, इश्कोला पारोकियाल. उद्देश उघडच धर्माचा होता, चर्चमध्ये लॅटिनमधून गाणारी, साथ करणारी माणसं पाहिजे होती. पण त्यासाठी जो मास्तर ठेवला जायचा, मेश्त्र, तो गावातल्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवायचा आणि मग व्हायोलिन हातात द्यायचा. (आपला मिस्त्री, मेस्त्री त्याच मेश्त्रवरून आलाय, म्हणजे सुताराचा आणि संगीत मास्तरचा शब्द एकच, मला हे फार आवडतं.) आधी महिनोन्महिने नुसतं सोल्फा, हात हलवत ताल मोजायचा आणि कागदावरचा स्वर तोंडाने म्हणायचा, ते जमेपर्यंत वाद्याला हात नाही. मास्तरचा खर्च चर्चकडे, त्यामुळे बापाच्या खिशाचा प्रश्न यायचा नाही. खेड्यातलं शेतकऱ्याचं पोरगं बारा-तेरा वर्षांचं होईतो समोर ठेवलेला नवा कागद बघून वाजवू शकायचं. बाकी हिंदुस्थानात तेव्हा असं कुठे होतं?

हे सगळं फक्त ख्रिश्चन घरांतल्या पोरांसाठी होतं, हे पण सांगायला पाहिजे. देवळांच्या बाजूला गोव्याचं दुसरं संगीत होतं, केसरबाई केरकर आणि मोगुबाई कुर्डीकर त्याच मातीतल्या, आणि तिथल्या बायकांना गाण्याची काय किंमत मोजावी लागली ते मराठी वाचकाला सांगायला नको.

आता त्या चर्चच्या शाळांतून शिकलेल्या माणसांना गावात पोटापुरतं काम नव्हतं. मग ते निघाले, कुणी ब्रिटिशांच्या लष्करी बँडमध्ये, कुणी बोटींवर, संस्थानिकांकडे, हॉटेलांत, मूकपटांच्या थेटरांत, आणि शेवटी मुंबईच्या फिल्म स्टुडिओत. तिथे गंमत अशी की संगीतकार चाल गुणगुणून, पेटीवर दाखवून मोकळा व्हायचा, पण चाळीस-पन्नास वादकांना एकाच वेळी ती वाजवायची तर कुणीतरी प्रत्येकाचा कागद लिहायला पाहिजे ना, आणि तो लिहिणारा आणि कागद बघून वाजवणारा, दोघे बहुतेक वेळा गोव्याचे असायचे. शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे हे कागद लिहिणारे, सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या अलबेलामधला तो जॅझचा झटका, त्यात हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, वडील चर्चचे कॉयरमास्टर, घरातच शिकले, मुंबईत येऊन प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. १९७७ च्या अमर अकबर अँथनीमधल्या ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’मधलं ते नाव प्यारेलालनी गुरूच्या मानासाठी घातलेलं, आपण मात्र वर्षानुवर्षं ते कॉमेडी गाणं समजून नाचलो.

मग हे आटलं कशामुळे, तर एकाच कारणाने नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ नंतर, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, लोकांच्या भाषेत व्हायला लागली, लॅटिनमधल्या अवघड रचना मागे पडल्या, मेश्त्रची गरज कमी झाली. १९६१ ला गोवा मुक्त झाला, भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्या शाळांनी गोव्यातलं खेडं न खेडं वाचायला-लिहायला शिकवलं त्याचं श्रेय कुणी काढून घेऊ नये, पण स्वरलिपी त्यांच्या अभ्यासक्रमात असायचं काही कारणच नव्हतं. शहरात सोय राहिली, आंतोनियु द फिगेरेदु यांनी १९५२ ला काढलेली संगीताची अकादमी पुढे कला अकादमीत आली, पण गावातल्या चर्चमध्ये पायी जाऊन फुकट शिकणं वेगळं आणि पणजीत क्लास लावणं वेगळं. थोडक्यात, जे गरिबाच्या पोराला आपोआप मिळायचं ते फी भरणाऱ्यांचं झालं.

चाइल्ड्स प्ले या संस्थेची ठिणगी मात्र गोव्यात पडली नाही, लंडनमध्ये पडली. डॉ. लुईस डायस, गोव्याचे, पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ, लहानपणापासून व्हायोलिन वाजवणारे, तेव्हा इंग्लंडमध्ये नोकरीला. २००७ ला त्यांनी बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या मोठ्या संगीत महोत्सवात दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या पोरांचा कार्यक्रम ऐकला, बस्केड नावाचा ग्रुप. या बस्केडची गोष्ट पण भारी आहे. रोझमेरी नाल्डेन या व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) वाजवणाऱ्या बाईंनी रेडिओवर ऐकलं की सोवेटोतला व्हायोलिनचा वर्ग पैशाविना बंद पडायला आलाय, तर १९९२ ला शंभरावर व्यावसायिक वादक गोळा करून इंग्लंडातल्या सोळा रेल्वे स्टेशनांवर एकाच वेळी भिकाऱ्यासारखी टोपी मांडून वाजवलं आणि पैसे उभे केले. रस्त्यावर असं वाजवण्याला इंग्रजीत बस्किंग म्हणतात, नाव तिथून. त्याच २००७ च्या प्रॉम्समध्ये व्हेनेझुएलाची पोरं पण होती, १९७५ ला होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी कराकासच्या एका गॅरेजमध्ये अकरा पोरांवर सुरू केलेल्या एल सिस्तेमाची, म्हणजे गरीब पोरांना फुकट वाद्यं शिकवणाऱ्या उपक्रमाची. डायस गोव्यात परत आले आणि हे काम सुरू केलं.

काम म्हणजे रोज काय असतं ते बघायचं तर व्हायोलिन जवळून बघा. नवशिक्याच्या वाद्यावर मानेच्या पट्टीवर आडव्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतात, पेटीसारख्या पट्ट्या नसतात ना, मग बोट कुठे ठेवायचं ते कळायला. पुढे कान तयार झाला की त्या काढायच्या. गोव्याचा जुलै आला की हवेच्या ओलाव्याने गजाचे केस ढिले पडतात, सरसाने चिकटवलेले सांधे सुटतात, वाद्याच्या खोक्यात बुरशी येते, आणि तार तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. क्लास लावून शिकणाऱ्यांच्या घरी यावर उपाय असतो, पावसाळाभर कपाटात दिवा लावून ठेवलेलं वाद्य मी स्वतः पाहिलंय. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे कपाट कुठलं आणि दिवा कुठला.

शिवाय व्हायोलिनला मापं असतात, पाव, अर्धं, पाऊण, मग पूर्ण. पोरगं वाढलं की चपलांसारखं वाद्य बदलावं लागतं, म्हणजे एका पोराला शिकवायला चार व्हायोलिनं लागतात, आणि पाववालं मग त्याच्यामागच्या धाकट्याकडे जातं, चिकटपट्ट्या परत लावून.