सेप्सिसच्या रुग्णाला सलाईन किती द्यावे? एका वादाची पार्श्वभूमी

खानापूर किंवा निपाणी भागातील रुग्ण ताप, धाप आणि उतरलेला रक्तदाब अशा अवस्थेत बेळगावच्या किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा जवळच्या दवाखान्यात त्याला बहुधा सलाईन लावलेले असते. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेत, प्रतिजैविक लवकर सुरू करावे, याबद्दल फारसे दुमत नाही. सलाईन किती द्यावे, हा वाद मात्र वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्याचा निकाल आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

या वादाचे मूळ २००१ साली अमेरिकेतील डेट्रॉईट येथे झालेल्या अभ्यासात आहे. डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांनी २६३ रुग्णांपैकी निम्म्यांवर पहिल्या सहा तासांत सलाईन, रक्तदाबाची औषधे आणि गरजेनुसार रक्त देऊन ठरावीक उद्दिष्टे गाठणारे उपचार केले. त्या गटातील मृत्युदर ३०.५ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ४६.५ टक्के होता. पुढे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दर किलो वजनामागे ३० मिलिलिटर सलाईन हे प्रमाण रूढ केले. २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंडमधील तीन मोठ्या चाचण्यांत रिव्हर्स पद्धतीचा वेगळा लाभ दिसला नाही, कारण तोवर नेहमीचे उपचारही सुधारलेले होते.

खरा धक्का आफ्रिकेतून बसला. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील ३,१४१ गंभीर तापाच्या मुलांवरील २०११ च्या चाचणीत भराभर सलाईन दिलेल्या गटांत ४८ तासांतील मृत्यू सुमारे १०.५ टक्के, तर तसे न दिलेल्या गटात ७.३ टक्के होते. (जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेली मुले या चाचणीत नव्हती, त्यांचा प्रश्न वेगळा आहे.) झांबियातील प्रौढ रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही अधिक सलाईनच्या बाजूला ४८.१ टक्के आणि नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के मृत्यू झाले. त्यातील बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. तरीही व्हेंटिलेटर हाताशी नसताना जास्त सलाईनमुळे फुप्फुसांत पाणी साचले तर काय होते, हा प्रश्न तालुक्याच्या रुग्णालयासाठी डेट्रॉईटच्या आकड्यांहून अधिक जवळचा आहे, असे मला ठामपणे वाटते.

२०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ३० मिलिलिटरची ठाम शिफारस सौम्य करण्यात आली. त्यांनीच आणखी एक साधी खूण सुचवली : बोटाच्या पेरावर दाब देऊन तो काढल्यावर रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहणे. लॅटिन अमेरिकेतील २०१९ च्या चाचणीत काचपट्टीने दहा सेकंद दाबून हे मोजले गेले आणि तीन सेकंदांहून अधिक वेळ हा रक्तपुरवठा अपुरा असल्याचा संकेत मानला गेला. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सलाईनची पुढची बाटली लावण्यापूर्वी तालुक्याच्या दवाखान्यातील परिचारिकाही ते पाहू शकते.