'बंप' आणि त्याचा गोतावळा: हलक्या धडकेच्या एका इंग्रजी शब्दाची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत 'बंपर' हा शब्द पिढ्यानपिढ्या रुळलेला आहे. तो ज्याच्यापासून निघाला तो 'बंप' मात्र अगदी अलीकडे कानावर पडू लागला. राजवाडा, खजुरी बाजार किंवा जेल रोडच्या गर्दीत ई-रिक्षा गाडीला खेटली, की आमच्याकडे 'जरा लागली', 'ठुकली' किंवा 'भिडली' असे म्हणतात. 'ठुकणे' हे माळव्याच्या हिंदीतून आलेले क्रियापद आहे, आणि 'भिडणे' मूळचे मराठी असले तरी गाड्यांच्या टकरीसाठी त्याचा असा सर्रास वापर हाही त्याच शेजाराचा परिणाम आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले आता 'छोटासा बंप झाला' असे घरी सांगतात, तेव्हा या शब्दात नेमके काय सामावलेले आहे हे नीट समजून घेणे मला गरजेचे वाटते.

हा शब्द इंग्रजी लेखनात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो आणि तो ध्वनीवरून घडला असावा, असे सामान्यतः मानले जाते. आपल्या 'धप्प', 'धाडकन' यांच्याच जातीचा तो आहे. त्याला आरंभापासून दोन अर्थ आहेत: एक आघाताचा, दुसरा आघातानंतर येणाऱ्या टेंगळाचा. मराठीत धक्का वेगळा आणि टेंगूळ वेगळे. इंग्रजीत कारण आणि परिणाम या दोहोंना एकच शब्द पुरला. म्हणूनच अंगावरचा काटा, गर्भवतीचे पुढे आलेले पोट आणि रस्त्यावरचा उंचवटा या तिन्ही गोष्टी इंग्रजीत 'बंप' ठरतात, आणि ध्यानीमनी नसता कोणी भेटले तरी त्याच्याशी 'बंप' झाल्याचे सांगता येते.

हलकेपणा मात्र या शब्दाच्या पोटात मुळातच होता असे नाही. 'कोलिजन' हा लॅटिनमधून आलेला शब्द अहवालांच्या आणि न्यायालयांच्या भाषेत स्थिरावला, 'क्रॅश' मोडतोडीशी जोडला गेला, आणि उरलेल्या किरकोळ टकरी 'बंप'च्या वाट्याला आल्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील नौकाशर्यतींत हा अर्थ फार स्पष्ट दिसतो. तेथील नद्या अरुंद असल्यामुळे नावा शेजारी-शेजारी पळवता येत नाहीत. त्या ठरावीक अंतराने एकामागे एक सुटतात आणि मागच्या नावेने पुढच्या नावेला स्पर्श केला, की 'बंप' झाला असे मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून या शर्यती त्याच नावाने चालत आल्या आहेत.

मराठी माणूस हेच हलकेपण क्रियापदातून दाखवतो, आणि ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. धक्का 'लागला' म्हटले की हेतू नव्हता, 'दिला' म्हटले की होता, आणि 'बसला' म्हटले की तो मनालाही लागलेला असू शकतो. सियागंजच्या तोंडाशी दोन स्कूटरवाले थांबून बोलू लागले, की एकाचे वाक्य 'अहो, जरासाच लागला' असे असते आणि दुसऱ्याचे 'मागून येऊन ठोकलीत तुम्ही' असे असते. ओरखडा तोच, पण कर्ता एका वाक्यातून गळालेला असतो आणि दुसऱ्यात पुढे आणलेला असतो. 'गाडी ठुकली' हे तिसरे रूप तर कोणाकडेच बोट दाखवत नाही, आणि घरी वडिलांना सांगण्यासाठी तेच सर्वांत सोयीचे पडते. इंग्रजी 'बंप'ही बहुधा असाच वापरला जातो. तो उच्चारणारा मनुष्य टकरीचे वर्णन करतो आणि त्याच वेळी ती क्षुल्लक होती असा निवाडाही देऊन टाकतो, मग ज्याला लागले त्याला ते मान्य असो वा नसो.

'बंपर'ची कथा रेल्वेपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत डब्यांच्या टोकाला बसवलेल्या धक्काशोषक भागाला हे नाव मिळाले; ब्रिटनमध्ये त्याच भागाला 'बफर' म्हणत. आपल्याकडील रेल्वे ब्रिटिश परंपरेतली असल्यामुळे येथेही 'बफर'च रूढ झाला. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये देऊ केलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खंडवा-इंदूर मार्ग उभा राहिला. तो मीटरगेज होता, आणि मीटरगेजच्या डब्यांना दोन बाजूंना दोन नव्हे, तर मध्यभागी एकच बफर असे व जोडणीही त्यातच केलेली असे. विसाव्या शतकात मोटारी आल्या तेव्हा मात्र त्यांच्यासाठी 'बंपर' हेच नाव सर्वत्र पसरले. मडगार्डला अमेरिकेत 'फेंडर' म्हणतात; आपण तेथे ब्रिटिश शब्द ठेवला.

'बंपर सेल', 'बंपर लॉटरी' आणि माळव्यातले सोयाबीनचे 'बंपर' पीक यांचा गाडीच्या बंपरशी थेट संबंध नाही. सतराव्या शतकात काठोकाठ भरलेल्या पेल्याला इंग्रजीत 'बंपर' म्हणत, त्यावरून भरघोस हा अर्थ आला, आणि त्याच्या मुळाशी बहुधा 'बंप'चा फुगवट्याचा अर्थ असावा. जुने क्रिकेटवाले उसळत्या चेंडूला बाउन्सरऐवजी 'बंपर' म्हणत. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या होळकर संघाच्या शहरात हा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हलकी धडक म्हणजे नेमकी किती, याचे उत्तर कायद्याने आकड्यांत देण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९७३ च्या मॉडेलपासून तेथे असा नियम आला, की ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाने गाडी समोरून भिंतीवर आदळली तरी दिवे आणि सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. १९८० च्या दशकाच्या आरंभी ही मर्यादा निम्म्यावर आणण्यात आली. अँबॅसेडरचा पोलादी, चकचकीत बंपर अशा धडकेत वाकत असे आणि ठोकून सरळ करता येत असे. आजचा प्लास्टिकचा बंपर तडकतो, आतल्या क्लिपा तुटतात, आणि डेंटिंग-पेंटिंगवाला बहुतेकदा तो बदलायलाच सांगतो. येथे विम्याचा प्रश्न येतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर गाडीचे वय न पाहता ५० टक्के घसारा कापला जातो; तो कापला जाऊ नये म्हणून जे वाढीव संरक्षण घेतात, त्याला आपल्याकडे 'बंपर टू बंपर' म्हणतात. इंग्रजीत हेच शब्द खोळंबलेल्या वाहतुकीतील गाड्यांच्या रांगेसाठी वापरले जातात. विम्याचा अर्थ भारतात इतका रूढ आहे, की २०२१ च्या ऑगस्टमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नव्या वाहनांना पाच वर्षांचा 'बंपर टू बंपर' विमा सक्तीचा करणारा आदेशच दिला होता. तो पुढच्याच महिन्यात मागे घेण्यात आला.

टेंगळाचा अर्थ रस्त्यावरही उतरला. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात वेग रोखणाऱ्या उंचवट्याची रचना केली. त्याला इंग्रजीत 'स्पीड बंप' म्हणतात. शासकीय मराठीत तो 'गतिरोधक' झाला आणि इंदूरच्या बोलण्यात नुसता 'ब्रेकर'. रस्ते अभियंते मात्र अरुंद 'बंप' आणि पसरट 'हंप' यांत फरक करतात, आणि तो जाणवण्याजोगा आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार पाठीचा हंप सांगितला आहे, ज्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी सुखरूप जाऊ शकते. वसाहतींतून खिळ्यांनी ठोकलेल्या काळ्या-पिवळ्या पट्ट्या त्या मापाच्या जवळपासही नसतात, आणि त्यांच्यावरून जाताना मागच्या आसनावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला जो दणका बसतो, त्याला हलका म्हणणे योग्य नाही.