बारा व्होल्ट दिला की बोर्ड जोरात चालतो? नाही ओ!

आमच्या बेळगावात, खानापूर-निपाणीकडंबी, प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांच्यात एक समज पक्का बसलाय की अर्डुइनो ऊनो R3 ला (प्रोजेक्टात वापरतात तो छोटा कंट्रोलर बोर्ड) बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला की ताकद जास्त मिळते. तसं काही नसतंय बघा. तुम्ही नऊ द्या नाहीतर बारा, आतली चिप चालते पाचवरच, वरचे व्होल्ट रेग्युलेटर (व्होल्ट पाचवर आणणारा बोर्डावरचा भाग) नुसते उष्णता करून घालवतोय. शेतातल्या मोटरसाठी दोन रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच) लावले तर बोर्डासकट धरा २०० मिलीअँपिअर, मग बारावर वरचे ७ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर म्हणजे जवळपास १.४ वॉट त्या एवढ्याशा रेग्युलेटरवर, बोट ठेववत नाही आणि तापला की तो स्वतःच बंद पडतो, मग पोरं म्हणतात कोडमध्ये चूक हाय आणि रात्रभर कोड बघत बसतात, जीव तुटतो बघून. नऊ व्होल्टवर तेच ०.८ वॉट.

२० व्होल्टपर्यंत चालतं म्हणतात, पण ती शेवटची मर्यादा, शिफारस ७ ते १२ चीच हाय.

आणि मोबाईलचा पाच व्होल्टचा चार्जर असला तर यूएसबीतनंच द्या, गोल जॅकमधनं दिला तर आत पुरते पाच पोचतच नाहीत. रिले जास्त असले तर त्यांना वेगळा पाच व्होल्टचा सप्लाय द्या, ग्राउंड (मायनसची तार) तेवढा एकत्र जोडा.