नट पडला कुठे?

ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना ट्रॅक्टर एक दिवस जरी उभा राहिला तरी आमच्या सांगली भागात मालकाचा जीव खालीवर होतो. कुपवाडच्या एका गॅरेजात असाच एक तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आला होता. इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याचं पॅकिंग बदलायचं, तासाभराचं काम. मॅनिफोल्ड उतरवला आणि शिकाऊ पोराच्या हातातून नट निसटला. टण्ण. मग काहीच नाही. जमिनीवर नाही, चेसिसवर नाही.

"मिस्त्री, सेल्फ मारून बघूया की. भाईर पडला असंल."

"किल्ली काढा आधी!" मिस्त्री ओरडलाच.

नट सिलिंडरात गेला असेल तर? डिझेल इंजिनाचा पिस्टन सगळ्यात वर येतो तेव्हा त्याचा माथा आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, यांत मिलिमीटरभराच्या आसपास फट उरते. हवा दाबून ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटवायचं, त्यासाठी ही काटकसर. १३ नंबरच्या पान्याचा नट म्हणजे एम-८. जाडी साधारण साडेसहा मिलिमीटर. हवा दबते, पोलाद दबत नाही. पिस्टनच्या माथ्यावर वाटी कोरलेली असते, तिच्यात नट पडला तर एखादा फेरा निभावेलही. पण २००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांना, पिस्टन सेकंदाला ३३ वेळा वर येतो, आणि नट काही वाटीत शहाण्यासारखा बसून राहत नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन ठेचला जातो, व्हॉल्व्ह म्हणजे झडप वाकते, लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तरावर, ओरखडे उठतात.

नट पोर्टमध्ये, म्हणजे हेडातल्या हवेच्या वाटेत गेला, हे बॅटरीचा उजेड मारल्यावर कळलं. पण व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे की पलीकडे, सिलिंडरात? चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, दोनदा, म्हणजे ७२० अंश फिरतो. त्यातले साधारण २३० अंश इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो. म्हणजे एका सिलिंडरपुरतं बोलायचं तर तीनात एक धोका. तीन सिलिंडर मिळून मात्र कुठला तरी एक व्हॉल्व्ह जवळजवळ नेहमीच उघडा. मिस्त्रीने इंजिन तसूभरही न फिरवता टॅपेट कव्हर काढलं आणि त्या सिलिंडरचा रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारी पट्टी, बोटांनी हलवून पाहिला. कट्कट् वाजला. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात मिलिमीटरच्या काही दशांशांची ढील जाणवली, म्हणजे व्हॉल्व्ह बंद. रॉकर ताठ असता तर हेड उतरवायची वेळ आली असती.

आता नट काढायचा. अँटेनासारखी लांब होणारी चुंबकाची काडी प्रत्येक गॅरेजात असते. आत घातली, आणि ती पोर्टच्या भिंतीला चिकटली. सोडवली, पुन्हा चिकटली. ट्रॅक्टरचं हेड बिडाचं, बीड म्हणजे लोखंडच. चुंबकाला नट आणि भिंत यांत डावं-उजवं कळत नाही. मग मिस्त्रीने तासगावकडच्या द्राक्षबागांत दिसते तसली ठिबकची १६ मिलिमीटरची नळी हातभर कापली आणि काडी तिच्यातून सोडली, फक्त टोक उघडं. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. कडेला प्लॅस्टिकची भिंत आणि थोडी पोकळी आली की बिडाची ओढ पुष्कळ कमी होते, आणि उघड्या टोकासमोरचा नट तेवढा जवळ राहतो. मला तर ही युक्ती विकतच्या हत्यारापेक्षा जास्त आवडली.

इंजिन गार होऊ दिलं, तेही बरं केलं. या काडीतला चुंबक बहुधा निओडिमियमचा असतो. त्याचे साधे प्रकार ८० अंशांच्या पुढे दुबळे पडू लागतात. आणि पडलेली वस्तू इंजेक्टरखालची तांब्याची वॉशर असती तर कसलाही चुंबक कामाचा नव्हता. स्टेनलेसच्या बऱ्याच बोल्टांचंही तेच. त्यांत लोखंड भरपूर, पण निकेल मिसळल्याने अणूंची मांडणी अशी होते की चुंबक जवळपास ओळखच देत नाही. अशा वेळी तारेच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावून वस्तू चिकटवून काढतात.

चौथ्या खेपेला नट वर आला. मिस्त्रीने तो पुसून पोराच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा काही आत पडू नये म्हणून तिन्ही पोर्टांत फडकी कोंबली. काळी फडकी हाताशी असताना त्याने मुद्दाम जुनी पिवळी साडी फाडली होती. काळं फडकं आत राहून गेलं तर दिसत नाही म्हणे. पोर तोवर फडकी मोजत होतं.