दूरप्रवासाची मोटारसायकल व तिची साखळी

दूरप्रवासाची मोटारसायकल : दोन माणसे, सामान आणि दिवसभराचा सलग पल्ला पेलणारी दुचाकी. बोलीत ‘टूरिंगची गाडी’. हा प्रकार यंत्ररचनेपेक्षा वापराने वेगळा ठरतो. 100 सीसीच्या गाडीवर लडाख करून आलेलेही पुष्कळ आहेत. या नोंदीत निवडीचे निकष थोडक्यात दिले असून विस्तार साखळीला दिला आहे, कारण चाकापर्यंत शक्ती नेणारा, उघड्यावर राहणारा आणि सर्वस्वी मालकाच्या हातावर अवलंबून असणारा भाग तोच.

निवड : कोल्हापूरहून निघणाऱ्याला दोन अगदी निराळे रस्ते भेटतात. एक पुणे–बेळगाव महामार्ग, जिथे गाडी तासन्‌तास 80–90च्या वेगात चालते. दुसरे पश्चिमेचे घाट : गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा, राधानगरीमार्गे फोंडा, आजऱ्याकडून आंबोली, रत्नागिरी रस्त्यावरचा आंबा. महामार्गावर जड गाडी स्थिर वाटते, घाटातल्या आखूड वळणांवर तीच नकोशी होते. इंजिनाच्या सीसीला जाहिरातींनी वाजवीपेक्षा जास्त महत्त्व आणले आहे. वजन, बैठकीची उंची आणि टाकी आधी पाहावी. 15 लिटरची टाकी आणि लिटरला 30 किमी धरले तर 450 किमी होतात, म्हणजे मुंबई एका टाकीत. स्पोकचे चाक खड्ड्यात वाकले तर मेस्त्री ते सरळ करून देतो, पण त्यात बहुधा ट्यूब असते. ट्यूबलेसचे पंक्चर चालवणारा स्वतःच काढू शकतो. ऊस हंगामात रात्री मागच्या दिव्याविना चालणारे ट्रॅक्टर-ट्रेलर ज्याने पाहिले आहेत त्याला हेडलाइटचे महत्त्व सांगायला नको.

साखळीचा उगम : शक्तिवहनासाठी साखळी प्रथम कोणी वापरली याविषयी मतभेद आहेत. इ. स. पू. तिसऱ्या शतकात बायझँटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्याने वर्णिलेल्या, एकामागून एक बाण सोडणाऱ्या यंत्रात सपाट कड्यांची साखळी होती. मात्र ती दोरखंड ओढण्यासाठी पुढे-मागे फिरे; एका दांड्याकडून दुसऱ्याकडे अखंड शक्ती नेत नसे. चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडम यांनी या मुद्द्यावर भर देऊन पहिला मान चीनला दिला. सु सुंग याने कायफंग येथे अकराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या घटिकामनोऱ्यात लांब उभ्या दांड्याऐवजी अखंड साखळी बसवली होती. याही आधी, दहाव्या शतकातील जांग सिशुन याच्या घड्याळात ती असावी असे नीडम सुचवतात. पण ते अनुमान आहे. ‘अखंड शक्तिवहन’ ही कसोटी मान्य केली तर सु सुंगचा दावा अधिक भक्कम वाटतो.

लिओनार्दो दा विंची यांच्या टिपणवह्यांतील साखळ्यांची रेखाटने नेहमी पुढे केली जातात. त्यांचा पुढच्या साखळ्यांशी थेट धागा जोडणे अवघड आहे. आजच्या साखळीची वंशावळ एकोणिसाव्या शतकापासून सलग दिसते. फ्रान्समधील गाल यांच्या 1829च्या साखळीत कड्यांच्या पट्ट्या थेट त्यांना जोडणाऱ्या पिनांवर फिरत. पट्टीच्या जाडीएवढ्याच जागेवर सारा भार येई आणि पिन भराभर झिजे. जेम्स स्लेटर यांनी 1864मध्ये पिनेवर रोलर चढवला. मँचेस्टरला स्थायिक झालेले मूळचे स्विस हान्स रेनॉल्ड यांनी 1880मध्ये पिन आणि रोलर यांच्यामध्ये बुश, म्हणजे पोकळ नळी, घातला. बुशाच्या पूर्ण लांबीवर भार पसरला आणि साखळीचे आयुष्य वाढले. रोलरचे श्रेय स्लेटरना आणि टिकाऊपणाचे रेनॉल्डना देणे न्याय्य ठरेल. सुरुवातीच्या बऱ्याच मोटारसायकलींना चामड्याचा पट्टा असे. तो पावसात घसरे, म्हणून साखळी आली.

आकार : साखळीच्या क्रमांकातील पहिला अंक दोन पिनांमधील अंतर अष्टमांश इंचांत सांगतो. 428 म्हणजे 4/8 इंच (12.7 मिमी), 520, 525 आणि 530 या तिन्हींत 5/8 इंच (15.875 मिमी). उरलेले अंक आतील रुंदीचे. 520 आणि 525मध्ये कड्या सारख्याच लांब, पण 525 अधिक रुंद. चेन किट (साखळी व स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्रे, यांचा संच) घेताना हा घोळ सर्रास होतो.

पुढच्या स्प्रॉकेटला दात जितके कमी तितकी साखळी अधिक मोडून वळते आणि तिचा वेग प्रत्येक दातागणिक हिंदकळतो : 15 दातांना सुमारे 2.2 टक्के, 13 दातांना सुमारे 2.9 टक्के. घाट चढायला जोर मिळावा म्हणून पुढचा एक दात कमी करण्याची प्रथा आहे. 15चे 14 केल्यास त्याच वेगाला इंजिन सुमारे 7 टक्के जास्त फिरते. घाटात सुख होते, महामार्गावर कानाला त्रास.

झीज : ‘चेन ताणली’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी दिशाभूल करणारा आहे. पट्ट्या ताणत नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली किंचित फट एकत्र होऊन साखळी लांब भरते. 5/8 इंची साखळीच्या 20 कड्यांची मूळ लांबी 317.5 मिमी. साखळी ताठ धरून पोलादी पट्टीने मोजावी. एक टक्का वाढ म्हणजे जेमतेम 3 मिमी. ती दिसली की नवी साखळी शोधायला लागावे. नव्या साखळीबरोबर दोन्ही स्प्रॉकेट बदलावेत, कारण वाघनखासारखे वाकलेले जुने दात नवी साखळी लवकर खातात.

1970च्या दशकापासून पसरलेल्या ओ-रिंग साखळीत पिन-बुशामधले ग्रीस कारखान्यातच भरून रबरी कड्यांनी कोंडलेले असते. बाहेरून घातलेले वंगण तिथवर पोचत नाही. ते रोलर-दातांसाठी, गंजापासून बचावासाठी आणि रबर ओलसर राहण्यासाठी असते. हे ध्यानात आले की पेट्रोलने साखळी धुणे का टाळावे तेही कळते : पेट्रोलने रबर खराब होते, ग्रीस निसटते, आणि वरून लखलखीत दिसणारी साखळी आतून कोरडी पडते.

निगा : स्प्लेंडरसारख्या रोजच्या गाड्यांना पूर्ण चेनकव्हर असते, म्हैसूरच्या जावा-येझदीचीही साखळी झाकलेली होती. टूरिंगच्या बहुतेक गाड्यांना वर नुसती पट्टी. त्यामुळे नव्या मालकाला साखळीची सवय लावून घ्यावी लागते. साधारण 500 किमीला, आणि पावसात दिवसभर चालवल्यावर त्याच संध्याकाळी, गाडी डबल स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवावे, रॉकेल आणि मऊ ब्रशाने मळ काढून चिंधीने पुसावे, आणि खालच्या फेऱ्याच्या आतल्या बाजूने 90 नंबरचे गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे द्यावा. साखळी कोमट असताना दिलेले वंगण चांगले भिनते. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चिंधी धरणे हा बोटे गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

ऑइल की स्प्रे, हा वाद मिटणारा नाही. चिकट स्प्रे उन्हाळ्यात धूळ धरतो आणि तिची काळी पेस्ट होते. ऑइल मागच्या रिमवर उडते, पण उडताना मळही नेते. कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस गगनबावड्याकडे, तिथल्या जांभ्याच्या लाल चिखलाला ऑइल बरे असे येथील अनुभव सांगतो. 2019 आणि 2021च्या महापुरांत बुडालेल्या गाड्यांची इंजिने लगोलग उघडली गेली, साखळ्या मात्र तशाच राहिल्या. अशी साखळी पुढे काही कड्यांवर आखडते. चाक हळू फिरवले की ती कडी मागच्या स्प्रॉकेटवरून सुटताना सरळ न होता कोपरासारखी वाकलेली राहते.

ढिलाई, म्हणजे खालचा फेरा मध्यावर वर-खाली हलतो ते अंतर, बहुतेक गाड्यांत 25 ते 35 मिमी, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत अधिक. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. साखळी सगळीकडे सारखी झिजत नसल्याने चाक फिरवत सर्वांत घट्ट जागी मोजावे. मागे माणूस आणि सामान चढले की चाकाचा आस गिअरबॉक्सच्या आसापासून आणखी लांब जातो आणि साखळी तंग होते. रिकाम्या गाडीवर तंतोतंत आवळलेली साखळी घाटातल्या खड्ड्यांत गिअरबॉक्सचे बेअरिंग ओढते. ढिली साखळी खडखडून सांगते तरी. लॉकवाली (क्लिपने जोडलेल्या, उघडता येणाऱ्या कडीची) साखळी असल्यास क्लिपचे बंद तोंड साखळी धावते त्या दिशेला ठेवावे, आणि त्याच क्रमांकाचे एक लॉक टूलकिटमध्ये कागदात गुंडाळून असावे.